अकरा बुडबुडे आणि निंबोळीचं तेल

…तं मामाजी, आपला फोन कटला तवा तुमी विचारून राहिले होते की हवा जाते तं जाते, पण जाते कोठून. मी सांगणारच होती, तेवढ्यात आमची लाईट गेली आणि लाईटसोबत टावरही गेला. मंग म्हटलं लिहूनच पाठवावं. तसंही मोबाइलवर लांब मेसेज केला की तुमी त्याच्यावर नुसता एक अंगठा ठेवून देता, आणि मले आजपर्यंत समजलं नाही की तो अंगठा ‘वाचलं’चा आहे की ‘बस झालं’चा. कागद हातात आला की माणसाले वाचाच लागते.

नमस्कार पयल्या ओळीत लिहायचा असते, हे आईनं आत्ता माह्या खांद्यावरून वाकून सांगितलं. (आमच्या शाळेत फक्त ‘डिअर सर’ शिकवलं, आणि त्याच्यानंतर थेट सुट्टी मागायची.) तं तीर्थरूप किसन मामाजीले आणि मामीजीले आचलचा वाकून नमस्कार, उशिरा पोचला तरी पुराच समजा. मामीजीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? अकोल्यात आतापासून ऊन तापलं म्हणतात, दुपारचं बाहेर निघू नका. इकडे सगळे बरे आहोत. संत्र्याच्या मृग बहाराचा शेवटचा तोडा सुरू आहे म्हणून बाबा घरात कमी आणि वावरात जास्त. आबाजीचे कान त्याईच्या मर्जीवर चालू आहेत. जेवाले हाका मारल्या की ऐकू येते, दवाईचं नाव काढलं की येत नाही.

आता पयल्यापासून सांगते, कारण फोनवर अर्धं तुमी ऐकलं आणि अर्धं मामीजीनं. मागच्या पावसाळ्यात नाल्याले पूर आला होता तवा पल्याडची चार घरं दिवसभर अडकून पडली होती. आमी इकडून हात हलवून राहिलो होतो आणि ते तिकडून हलवून राहिले होते. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून एवढंच काम झालं. त्या दिवसापासून माह्या डोक्शात होतं की आपल्याजवळ तरंगणारं काहीतरी पायजे. आणि आता आमच्या इकडे पुरात मदत करणारं पथक बनवून राहिले आहेत. शिकवणारे संघपाल सर म्हणून आहेत, कमी बोलतात, शिट्टी जास्त वाजवतात. त्याईचा नियम असा, की ज्याच्याजवळ स्वतःची होडी त्याले पयले घेणार, पण त्या होडीनं तलावात दोन माणसं घेऊन पुरा एक तास काढला पायजे, आणि मधात हवा भरायची नाही. परीक्षा या रविवारी सकाळी. मी नाव द्यायले गेली तं रजिस्टर घेऊन बसलेल्या एका काकानं लय प्रेमानं विचारलं, “बेटा, चहा-नाश्त्याच्या कमिटीत लिहू का?” मी म्हटलं, होडीत लिहा. त्याईनं लिहिलं, पण पेनानं नाही, पेन्सिलनं. मामाजी, मले त्या पेन्सिलवर पेन फिरवायचा आहे. बाकी काही नाही.

होडी म्हणजे माहा कयाक. हवा भरायचा, दोन जणाचा, पिवळा. अमरावतीच्या होस्टेलवर माही रूममेट होती ना करिश्मा, तिच्या भावानं हौशीनं मागवला होता. एकदा बसला, पाण्याचं आणि त्याचं काही जमलं नाही, आणि मंग दोन वर्ष तो पलंगाखाली पडून होता. तिथं त्याची आणि उंदराची चांगली ओळख झाली असन. करिश्मानं “घेऊन जा बापा, आईची कटकट जाईन” म्हणून देऊन टाकला. मी एसटीच्या टपावर टाकून आणला. अंगणात उघडला, पायपंपानं हवा भरली, आणि खरं सांगते, लय देखणा दिसला. सगळे भोवती उभे राहिले. आबाजी म्हणाले डोंगा चांगला आहे. बाबानं चारी बाजूनं चक्कर मारली, एक लात मारून पाहिली (ट्रॅक्टर घेतानाही अशीच मारली होती) आणि काहीच बोलले नाही, म्हणजे पसंत पडला.

संध्याकाळी चहा घेऊन बाहेर आलो तं कयाक असा पडला होता जसा लग्नातून परत आलेला माणूस सतरंजीवर पडते. बाबाचं मत लगेच बदललं. म्हणाले हा फुगा आहे, फुग्यात बसून कोणी कोणाले वाचवत नसते. आणि निकाल देऊन टाकला, की या बुधवारपर्यंत यात हवा टिकली तं ठीक, नाही तं आपण याले उभा कापू आणि संत्र्याच्या ढिगावर झाकू, कपडा मजबूत आहे. तुमाले तं बाबा माहीत आहेत. ते धमकी देत नाहीत, माप घेतात. टेप आणून त्याईनं लांबी-रुंदी घेतली आणि वहीत लिहूनही ठेवली.

म्हणून मी तुमाले पयला फोन केला होता, कटला तो नंतरचा. तुमी म्हटलं की साबणाचं पाणी मार, बुडबुडे येतीन तिथं छेद. मामाजी, सल्ला एकदम बरोबर होता, नेटवरही हेच सांगतात. पण तुमी ‘मार’ म्हटलं. आणि आमच्या घरात ‘मार’ म्हटलं की हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जाते. एवढा मोठा कयाक कपड्यानं पुसत बसण्यापेक्षा मी बाबाचा बॅटरीवाला पंप काढला, त्यात पाणी आणि कपड्याचा साबण टाकला, पाठीवर घेतला आणि सुरू झाली. दोन मिनिटात बाबा वावरातून आले. चुकीची फवारणी त्याईच्यानं पाहवत नाही. “अशी मारते का? वरवर मारून काय होते, पानाच्या खालून मारा लागते,” म्हणत त्याईनं पंप आपल्या पाठीवर घेतला आणि त्या कयाकले अशी फवारणी केली जशी संत्र्याच्या आंब्या बहाराले करतात, वरून, खालून, बुडाशी, सांध्या-सांध्यात. मीच राहिली होती, मलेही थोडी झाली.

मंग छेद शोधणं. आई खाली बसली आणि तुरीत सोंडे किडे पाहतात तशी एक-एक बोट जागा पाहू लागली. आबाजी खुर्चीवरून बुडबुडे मोजत होते. तिथंच भांडण सुरू झालं, कारण साबणाचा फेस काय आणि छेदाचा बुडबुडा काय हे कोणालेच सांगता येईना. आबाजी म्हणाले जो फुटून परत येते तो खरा, जो फुटून गेला तो पाहुणा. या हिशोबानं अकरा खरे निघाले. ओल्यावर मार्कर उमटत नव्हता, म्हणून बाबानं झाडाच्या खोडाले लावतो ती बोर्डो पेस्ट आणली, मोरचूद-चुन्याची निळी, आणि ब्रशनं अकरा गोल काढून दिले. माहा पिवळा कयाक. रस्त्यानं जाणारे विचारून राहिले होते की याले देवी आल्या काय.

कयाकसोबत पाकिटात कपड्याचे ठिगळं आणि गोंद आला होता. मी व्हिडिओत पाहिलं तसं सगळं केलं. ठिगळाचे कोपरे गोल कापले, रेजमालच्या खरखरीत कागदानं घासलं, गोंद लावला, वर आईचा पाटा-वरवंटा ठेवला आणि पुरे चोवीस तास कोणाले हात लावू दिला नाही. (आईनं त्या दिवशी चटणी मिक्सरमध्ये केली आणि आबाजीनं ती खाल्ली नाही. त्याचाही दोष माह्यावरच आहे.) दुसऱ्या दिवशी दुपारी वरवंटा उचलला तं ठिगळ वरवंट्यासोबत वर आलं. दुसरं नुसतं बोट लावल्यावर सरकलं. अकराचे अकरा, मामाजी. एकही धरून बसलं नव्हतं. मी तिथंच बसून राहिली. बाबा आतून कैची घेऊन आले नाहीत, हे त्याईचं मोठेपण, पण वही कुठे आहे म्हणून विचारलं.

तवा डोमाजी आले. डोमाजी म्हणजे फाट्यावरचे पंक्चरवाले, मागं तुमची गाडी बसली होती तवा ज्याईनं तुमाले टायरवर बसवून चहा पाजला होता ते. त्याईले कोणी बोलावलं नव्हतं. गावात एवढं मोठं पंक्चर झालं आणि आपल्याले सांगितलं नाही, याचा राग घेऊन आले होते. त्याईनं ठिगळ उचललं, बोटानं चोळलं, नाकाजवळ नेलं, आणि बाबाकडे पाहून विचारलं, “पाटील, याच्या पयले पंपात काय होतं?”

बाबा संत्र्याकडे पाहू लागले.

निंबोळीचं तेल होतं. मागच्या हप्त्यात संत्र्यावर मारलं होतं. बाबा म्हणाले पंप धुतला होता. आईनं विचारलं किती पाण्यानं. बाबा म्हणाले, “एका.” तं अशा तऱ्हेनं आमी माह्या कयाकवर वरून, खालून आणि सांध्या-सांध्यात तेलाचा हात फिरवला होता, आणि त्याच्यावर गोंद लावून चोवीस तास देवाच्या भरवशावर बसलो होतो. डोमाजी हसले नाहीत, त्याईच्या धंद्यात हसत नसतात. आबाजी म्हणाले, “जाऊ दे पोरी, आता याले माव्याची कीड तं लागत नाही.”

पण मामाजी, तिथून पुढं सगळं चांगलंच होत गेलं. चूक बाबाची निघाल्यामुळं बाबा माह्या बाजूनं आले. वही परत कुठे दिसली नाही. आमी दोघांनी मिळून तो कयाक तीनदा कपड्याच्या साबणानं धुतला, मंग डोमाजीनं स्पिरिट दिलं त्यानं पुसला. बाबा हातात चिंधी घेऊन उकिडवे बसून पुसत होते आणि मधामधात बोटाचा वास घेऊन पाहत होते. पुसता पुसता एकदा म्हणाले, त्या दिवशी नाल्यापल्याड डोमाजीची बहीण शकुन होती, दीड महिन्याचं लेकरू घेऊन. मले माहीत नव्हतं. डोमाजी तिथंच पाना धुंडून राहिले होते, त्याईनं वर पाहिलं नाही.

छेद पाहायची डोमाजीची रीत वेगळी आहे. साबण नाही, पाणी नाही. ते कयाक डोळ्याजवळ नेतात आणि हळूहळू सरकवतात. जिथं हवा निघते तिथं पापणी फडफडते. (मी करून पाहिलं, माही सगळीकडेच फडफडली.) अकरातले तीनच खरे छेद निघाले, तिन्ही बुडाशी, उंदराच्या दाताच्या मापाचे. बाकी आठ नुसता फेस होता, ज्याले आमी निळे गोल काढून मान दिला होता. चौथा कोणीच पाहिला नव्हता: हवा भरायच्या तोंडात, झाकणाच्या रबराखाली, ज्वारीएवढा खडा अडकला होता, तो डोमाजीनं काढून तळहातावर दाखवला. झाकण लावलं की वाटे बंद झालं, पण ते खड्यावर बसून राहायचं. जिथून आपण रोज हवा भरून राहिलो होतो तिथूनच ती परत जाऊन राहिली होती, आणि आमी बाकी अंगभर शोधून राहिलो होतो.

आता एक कबुली. पाकिटातले ठिगळं तेलात वाया गेले होते. डोमाजी म्हणाले ट्यूबचं रबर याले धरणार नाही, याच जातीचा प्लास्टिकचा कपडा पायजे. घरभर शोधलं. बाबाचा रेनकोट पातळ निघाला, टेबलावरचं कव्हर दुमडलं की तडकत होतं. मंग आईनं कपाट उघडलं आणि तुमची ती हवेची गोल गादी काढली, ऑपरेशननंतर बसायले घेतली होती ती, संक्रांतीले आले तवा इथं विसरून गेले होते. जाडी बरोबर तेवढीच. मी म्हटलं मामाजीले विचारू. आई म्हणाली, “किसनाले काय विचारायचं, मोठी बहीण मी आहो.” आणि कैची चालवली. तीन ठिगळं निघाले. या खेपेले असे बसले की डोमाजीनं पकडीनं ओढून पाहिलं तं पकड सटकली.

सोमवारी दुपारी दोन वाजता टम्म हवा भरली. अंधार पडता पडता दाबून पाहिलं तं परत नरम. माह्या डोळ्यात पाणीच आलं. पण डोमाजीनं सांगितलं, “बाई, दुपारची हवा गरम असते, थंड झाली की आंग चोरते. सकाळची सकाळशी मोज.” मंगळवारी सकाळी भरली, आज बुधवारी सकाळी पाहिलं तं जशीच्या तशी कडक. मंग बाबा स्वतःहून म्हणाले चल, आणि आपल्या शेततळ्यात कयाक उतरवला. माणूस बसवायच्या पयले संत्रं बसवू म्हणाले. तोड्याचे सहा कॅरेट त्याईनं आपल्या हातानं ठेवले, दोरी धरून काठावर बसले, आणि घड्याळ आबाजीच्या हातात दिलं. एक तास वीस मिनिटं, मामाजी. सहा कॅरेट संत्रं पाण्यावर उन्हात असे बसले होते जसे वरातीत पुढच्या गाडीतले पाहुणे. रस्त्यावरचे लोक थांबून विचारत होते की पाटील, हे कोणत्या मार्केटले चालले. बाबा म्हणाले, “ट्रायल आहे.” असं बोलले जसं कयाक त्याईनंच आणला आहे.

तं अशी हकीकत आहे. तुमी विचारलं म्हणून लिहिली. मोठ्यांनी आशीर्वाद द्यावा, लहान कोणी असन तं त्याले गोड पापा. मराठीच्या चुका लाल पेनानं काढून ठेवा, भेटल्यावर पाहीन.

तुमची भाची,
आचल

ता. क. भेटल्यावर म्हणजे कवा, हे लिहायचं राहिलं. रविवारच्या परीक्षेत दोन माणसं पायजे, आणि संत्र्याचे कॅरेट माणसात मोजत नाहीत (मी विचारून पाहिलं). बाबानं दोरी धरतो म्हटलं. आईले पाणी पाहूनच चक्कर येते. आबाजी तयार आहेत, कपडे घालून बसले आहेत, पण संघपाल सरची आणखी एक अट आहे जी मी वर लिहिली नव्हती. दोघांचं मिळून वजन कमीत कमी दीडशे किलो पायजे. सर म्हणतात पुरात वाचवायचा माणूस सांगून बारीक येत नाही. मी अठ्ठेचाळीस किलोची. आबाजी पंचेचाळीस, तेही धोतर-बंडीसकट. दीडशेतून माहे गेले तं राहिले एकशेदोन. मामाजी, आपल्या पुऱ्या खानदानात एका माणसाच्या जाग्यावर एकशेदोन किलो फक्त तुमाले जमते. तुमाले पाणी येते, मले पोहायले तुमीच शिकवलं. कयाकवर एकशेऐंशीपर्यंत चालते असं लिहिलं आहे, म्हणजे तुमी नाश्ता करून आले तरी चालन. मामीजी आईले सांगून राहिल्या होत्या की तुमी सकाळी फिरायले जाता आणि दोन किलो उतरले. चांगलं आहे, पण रविवारपर्यंत फिरू नका. जाकीट तुमच्या मापाचं एकच होतं, ते सरनं बाजूले काढून ठेवलं. नाव मी देऊन टाकलं आहे. तेही पेन्सिलनंच लिहिलं.

ता. क. दुसरी. पत्र बंद करत होती तेवढ्यात आई येऊन बाजूले बसली. म्हणाली, एक सांगते, रागावू नको. आज पहाटे उठली तं कयाक तिले थोडा ढिल्ला वाटला, आणि पोरगी हिरमुसन म्हणून तिनं पायपंपानं चार पंप मारले. म्हणजे वर जे ‘जशीच्या तशी कडक’ लिहिलं ते खोटं, आणि खोडायले जागा नाही. डोमाजीले लगेच फोन केला. ते म्हणाले चोवीस तासात चार पंप म्हणजे काहीच नाही, ट्रकच्या टायरची जाते याच्यापेक्षा. तरी मी त्या झाकणाचं रबर आणखी एकदा पुसून घेतलं, आणि आईकडून पंप काढून बाबाजवळ दिला. तळ्यात एक तास वीस मिनिटं जे टिकलं ते मात्र एकदम खरं आहे, तवा आई घरी होती. तं एक तास मी लिहून देते. दुसऱ्या तासाचं विचारू नका.

ता. क. शेवटची. हे पत्र आमच्या शेजारच्या खुशालरावच्या हातानं पाठवून राहिली आहो. ते उद्या तूर घेऊन अकोल्याले येऊन राहिले आहेत. त्याईले सांगितलं आहे की उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, म्हणून तुमी वाचून राहिले तवा ते समोरच बसले असतीन, त्याईले चहा द्या. येणं-न येणं तुमच्या मनावर आहे, माहा काही आग्रह नाही. शनिवारी दुपारी अमरावतीच्या स्टँडवरून आमच्याकडची गाडी आहे, बाबा फाट्यावर घ्यायले येतीन. एकाच गोष्टीवर इथं एकमत होत नाही. डोमाजी म्हणतात वजन मागं पायजे, मंग नाक वर राहते आणि होडी सरळ चालते. बाबा म्हणतात मामाजी पुढं पायजे, म्हणजे काठावरच्या लोकाले पयले तेच दिसतीन आणि कोणी पोरीले हसणार नाही. मले दोन्ही पटते. तुमाले काय वाटते, तुमी पुढं बसान की मागं?